मीटर खाली, एसी वर

जुन्या दिल्लीत, बेगम समरूच्या हवेलीभोवती वाढलेल्या भगीरथ पॅलेस बाजारात वायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: एसी किती टनाचा? दीड टन म्हटलं की अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीचं नव्वद मीटरचं बंडल समोर येतं.

वीस वर्षं दिल्लीत वायरिंग करणारा सांगलीकडचा वायरमन वेगळंच विचारतो. "मीटर कुठंय, काकू?"

काकू लक्ष्मीनगरात चौथ्या मजल्यावर राहतात, मीटर तळमजल्यावर जिन्याखाली. जून 2024 ची गोष्ट. 19 तारखेला दिल्लीची विजेची मागणी 8,656 मेगावॅटवर गेली होती. काकूंचा जुना एसी सुरू होताना नुसता घुमायचा, दिवे मंदावायचे आणि कॉम्प्रेसर बंद पडायचा. कपॅसिटर दोनदा बदलून झाला होता.

त्याने जिन्यातून दोरी सोडून अंतर मोजलं. 28 मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे तांब्याची वाट 56 मीटरची. तापलेल्या अडीचच्या वायरीचा एवढ्या लांबीत रोध जवळपास अर्धा ओहम. चालू एसी 8 अँपिअर घेतो, तेव्हा 4 व्होल्ट गळतात. ते जाणवतही नाहीत. पण हा कॉम्प्रेसर उचल घेताना क्षणभर 40 अँपिअर ओढत होता आणि 20 व्होल्ट वाटेतच संपत होते. सॉकेटात मल्टिमीटर खुपसून त्याने काकूंना एसी लावायला सांगितला. 208 चा आकडा पापणी लवेपर्यंत 187 वर आला.

दुकानातला अँपिअरचा तक्ता वायर किती तापेल एवढंच सांगतो, अंतराचं त्यात काही नसतं. आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात तो तक्ताही जसाच्या तसा धरता येत नाही. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश. भोवती 45 असताना तिला स्वतःच्या उष्णतेसाठी 25 अंशच उरतात, आणि गच्चीच्या कठड्यावरून गेलेल्या पाइपाला तर दुपारी हात लावता येत नाही. इन्व्हर्टर एसीत सुरुवातीचा झटका नसतो, पण उन्हातली वायर तीच. म्हणून टनाबरोबर मीटरपासूनचं अंतर आणि वायरीची वाट दुकानातच विचारली जायला हवी.

"सहाची ओढू या," तो म्हणाला.

"एवढी जाड? एका एसीला?"

त्याने वहीत आकडे मांडून दाखवले: चारच्या वायरीत 12 व्होल्ट जातील, सहाच्या वायरीत 8. काकूंनी वही जवळ घेऊन पुन्हा वाचली आणि होकार दिला. संध्याकाळी एसी लावला तेव्हा आकडा 200 वर थांबला, कॉम्प्रेसरने एका दमात उचल घेतली. काढलेली अडीचची वायर त्याने तपासून, गुंडाळून स्वयंपाकघरातल्या सॉकेटसाठी ठेवली. तिथलं अंतर होतं सहा मीटर.