दात मोजावेत का

धर्माची गाय, आणि दात का नाय? ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण फुकट दिसणाऱ्या टीव्हीबद्दल ती ऐकली तेव्हापासून डोक्यातून जायला तयार नाही. म्हणीचं काम बोलणं संपवण्याचं असतं. एकदा म्हण टाकली की समोरच्याने मान डोलवायची आणि चहाचा कप उचलायचा. या वेळी मात्र आत्याचं बोलणं संपलं आणि माझं आतल्या आत सुरू झालं.

आत्या खटाव तालुक्यात राहते. तिच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी आहे. एकदा पैसे भरून डबा आणि तबकडी आणली. त्यानंतर महिन्याला काही द्यावं लागत नाही. तिच्या आळीतल्या सगळ्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, कारण जीसॅट-१५ हा उपग्रह त्या बाजूला, ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर आहे. जोराचा पाऊस आला की चित्र गोठतं, चौकोन चौकोन होतं आणि जातं. पाऊस थांबला की परत येतं. एखादी वाहिनी मात्र पावसाशिवायच जाते आणि परत येत नाही. तसं काहीतरी झालं होतं. मी म्हटलं, कुणाला तरी विचारायला हवं. त्यावर आत्या म्हणाली, ‘अरं, फुकाट दिसतंय ते बघावं. धर्माची गाय, अन् दात का नाय म्हणावं व्हय?’

त्या म्हणीत दातच का आले? शिंगं का नाहीत, सड का नाहीत? पुसेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. खिलार जनावराभोवती दोन फेऱ्या मारून झाल्या की घेणारा पुढे होतो, नाकाशी हात नेतो आणि ओठ वर करून जबडा बघतो. दुधाचे दात असतील तर ते आदत. पक्क्या दातांची पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जनावर जुळलं. पहिली जोडी यायला साधारण दोन वर्षं लागतात, सगळे यायला चार-साडेचार. पुढे ते झिजतात, फटी पडतात, पडून जातात. जनावराचा जन्मदाखला कुणाकडे नसतो. तो त्याच्या तोंडात असतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तो हा दाखला वाचून झाल्यावर.

म्हणजे दात बघणं हा हावरटपणा नव्हे, तो हिशेब आहे. गाईची अजून किती वेतं उरली आहेत, ती किती वर्षं रवंथ करू शकेल, हे दातांवरून कळतं. आणि हा हिशेब दानात गाय मिळालेल्या माणसाला तर अधिकच करावा लागणार, कारण गाय फुकट आली तरी वैरण फुकट येत नाही. दातच नसलेली गाय घरी आणली तर तिला कोंडा भिजवून घालणारा तोच. दान देणारा मोकळा झाला. पुण्य त्याच्या खात्यावर, वैरण याच्या. असं असताना त्या माणसाने तोंड उघडून बघू नये, हे कुणी ठरवलं? मला दाट संशय आहे की ही म्हण देणाऱ्यांच्या ओसरीवर जन्मली असावी.

पण आत्या देणाऱ्यांपैकी नाही. मग ती म्हण तिच्या तोंडी कशी?

इथे एक गोष्ट मध्येच आठवली आणि सगळं उलटं झालं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथे नुसती टणक हिरडी असते. खालचे आठ दात आणि वरची हिरडी यांच्यात गवत धरून ती हिसका देते. कितीही तरुण, कितीही दुभती गाय आणा, वर बघाल तर बोळकं. तेव्हा म्हणीतला तो विचारणारा कदाचित वरच्या जबड्याकडे बघत असेल. गाय न पाळलेला, बाजारात न गेलेला कुणी माणूस. त्याला गाय मिळाली आणि त्याने असे दात मागितले, जे कुठल्याच गाईला कधी नसतात. तसं असेल तर म्हण देणाऱ्याची बाजू घेत नाही. ती एवढंच सांगते की आधी गाय म्हणजे काय ते जाणून घे, मग विचार. हा अर्थ मी कुणाकडून ऐकलेला नाही, आणि तो खरा असेलच असंही म्हणवत नाही. पण तेव्हापासून मी फुकटच्या टीव्हीविषयी जे जे मागतो ते वरच्या जबड्यातलं की खालच्या, हे ठरवत बसतो.

आमच्या पुण्यातल्या घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना होती आणि तिचं तोंड सिंहगडाकडे होतं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. माझ्या लहानपणी ‘गजरा’ होता, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होतं, मुलांसाठी ‘किलबिल’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’. आकाशानंदांचं ‘ज्ञानदीप’ होतं आणि ते पाहणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळं काढली होती. हे मला आजही नवलाचं वाटतं. लोक कार्यक्रम पाहून उठले, एकत्र बसले, पत्रं लिहू लागले, कामाला लागले. ते आश्रितासारखे पाहत नव्हते. चकचकीत मालिका, चोवीस तास सिनेमे हे त्या वाहिनीचे दात कधीच नव्हते; ते मागणं म्हणजे वरच्या हिरडीत बोट घालणं. पण शेतकऱ्याच्या बोलीतला कार्यक्रम, मुलांचा कार्यक्रम, शिकवणारा कार्यक्रम हे खालचे दात होते. ते होते हे आपण पाहिलं आहे. ते विचारायला काय हरकत आहे?

तेव्हाही टीव्ही सुरुवातीला फुकट नव्हता. रेडिओसारखा त्यालाही परवाना लागे. वर्षाला ५० रुपये, पोस्टात भरायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तो रद्द झाला आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही त्यात काही गैर दिसत नाही; गरिबाच्या घरातली ती एक कटकट गेली. फक्त एक प्रश्न राहतो. चित्र मध्येच गेलं की पडद्यावर पाटी यायची, ‘रुकावट के लिए खेद है’. त्या पाटीवर मी फार विचार केला आहे, बहुधा तिच्या लायकीपेक्षा जास्त. खेद कुणाकडे व्यक्त होत होता? दान देणारा सहसा खेद व्यक्त करत नाही. ज्याचं आपण काही देणं लागतो त्याच्यापाशी आपण खेद व्यक्त करतो. त्या पाटीला, ती लिहिणाऱ्या कुणा कारकुनाला, ठाऊक होतं की समोरचा माणूस धर्मादाय घ्यायला आलेला नाही. आज आत्याच्या पडद्यावर वाहिनी जाते तेव्हा ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरलेली असते. रुकावट नाहीच, म्हणून खेदही नाही.

ही वाहिनी जाते कुठे? फ्री डिश १६ डिसेंबर २००४ ला सुरू झाली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं आणि तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. पुढे खासगी वाहिन्यांसाठी जागांचा लिलाव होऊ लागला. प्रेक्षक पैसे देत नाही. वाहिनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला पैसे देते, जाहिरातदार वाहिनीला, आणि साबण घेताना जाहिरातदाराला आत्या देते. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, पुढच्या वर्षी परत आणल्या, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा नेल्या. हिंदी मनोरंजनाची बोली वरच्या दरापासून सुरू होते आणि हिंदीच्या मानाने मराठी वाहिन्या मोजक्याच दिसतात. यात दानधर्म कुठे आहे ते मला सापडत नाही. गाय कुणाची, दिली कुणी, आणि दूध कोण काढतं आहे?

कठोपनिषदाची सुरुवात अशाच गाईंनी होते. यज्ञात बाप सर्वस्व दान करतो आहे आणि दानाच्या गाई कशा, तर पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध देऊन संपलेल्या. त्यांचे दात कुणी मोजले? घेणाऱ्या ब्राह्मणांपैकी कुणी तसं विचारल्याचं उपनिषद सांगत नाही. मोजले ते देणाऱ्याच्या पोराने, नचिकेताने. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घेणाऱ्याने विचारलं तर तो कृतघ्न ठरतो. म्हणून देणाऱ्याच्या घरातल्या कुणीतरी विचारावं लागतं. दूरदर्शनच्या बाबतीत देणाऱ्याच्या घरातले आपण सगळेच आहोत, कारण ते आपल्या करातून चालतं. आत्यासुद्धा. ती दोन्ही बाजूंना आहे, दात्याच्या ओसरीवरही आणि हात पसरलेल्या रांगेतही. पण तिला फक्त रांगेतली जागा ठाऊक आहे.

मग वाटतं, पैसे देणाऱ्यांना तरी काय ठाऊक आहे? २०१९ च्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर कर द्यावा लागे, सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे असत. आमच्या घरी केबल आहे. तिथे तक्रारीला फोन आहे, तिकडून नम्र आवाजात उत्तर येतं. पण त्या फोनवर आम्ही आजवर बिलाविषयी आणि सिग्नलविषयीच बोललो. मुलांना बघण्याजोगं मराठीत काय आहे, हे पैसे देऊनही कुणी विचारलं नाही. पैसे मोजले की दात मोजता येतात असं नाही. रसीद मोजता येते.

आणि एका ठिकाणी तर गाडं सरळ उलटं आहे. २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपन्यांनी प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरूनच दाखवावं, केबलवाल्यांना देऊ नये. म्हणजे असा सामना आत्याला विनाशुल्क दिसतो आणि केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच दूरदर्शनवर त्या वेळी दुसरंच काही दिसतं. देशाचा सामना सगळ्यांना दिसावा, हा विचार कुणीतरी कायद्यात लिहून ठेवला आहे. मग शाळेबद्दल तसा विचार का नाही? एकदा थोडाबहुत झाला होता. २०२० च्या जुलैत, शाळा बंद असताना, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथल्या मुलांपर्यंत ती मालिका पोचू शकली. हा दात तेव्हा होता. खालच्या जबड्यातला, पक्का.

जमिनीवरच्या मनोऱ्यांचं मात्र संपलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसार भारतीने सांगितलं की जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक तेवढी राहतील. त्याला कारणं होती. वीज आणि माणूसबळ वाचणार होतं, लहरींची जागा मोकळी होणार होती, पाहणारेही फारसे उरले नव्हते. माझ्या ओळखीत कुणी हळहळल्याचं आठवत नाही. पण त्या अँटेनाला डबा लागत नव्हता, लिलाव नव्हता. मनोऱ्याच्या टप्प्यात जो असेल त्याला दिसे. ते बंद होताना कुणी का विचारलं नाही? गरज उरली नव्हती म्हणून, की फुकटचं गेलं तर विचारू नये हे आपल्यात इतकं मुरलं आहे म्हणून? या दोन उत्तरांत किती अंतर आहे, ते मला मोजता येत नाही.

कधी वाटतं, परवाना परत यावा. वर्षाला थोडे पैसे भरले की माणूस मालकासारखा बोलेल. लगेच आत्याच्या शेजारची दोन घरं डोळ्यांपुढे येतात, ज्यांना तेवढेही जड जातील. मला दोन्ही हवं आहे: पैशावाचून कुणाचं घर वगळलं जाऊ नये, आणि कुणीही मिंधेपणाने पाहू नये. ही दोन्ही एकत्र नांदतात का? ज्ञानदीप मंडळांकडे बघितलं तर वाटतं, नांदली होती. पण तेव्हा वाहिनी एकच होती आणि बघायला दुसरं काही नव्हतं. तो जिव्हाळा वाहिनीचा की त्या एकटेपणाचा?

आणि आत्या मिंधी आहे हे तरी मी कशावरून धरलं? ती म्हण तिने समाधानाने टाकली असेल. तिच्या दिवसात टीव्हीची जागा तेवढीच असेल, गेली वाहिनी तर गेली. तिच्या वतीने विचारायला मी निघालो तर ती माझी तळमळ होईल, तिची नव्हे. नचिकेताने विचारलं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची किंमत त्याने स्वतः मोजली, यमाच्या दारात जाऊन. मी कुणाच्या दारात जाणार, हे अजून ठरत नाही. मंत्रालय आहे, महामंडळ आहे, लिलावात बोली लावणाऱ्या कंपन्या आहेत, आणि बघून न बघितल्यासारखं करणारे आम्ही आहोत. आत्याला एकदा सरळ विचारावं की तुला काय बघायला हवं आहे. पण ती म्हणेल, ‘जे हाय ते बरं हाय’, आणि मग ते खरं मानायचं की नाही, हे मला तेव्हाही कळणार नाही.