कान भरले, पण कुणी?

आमच्या वणीत याला साधा शब्द आहे, 'पोराचे कान भरलेत'. कोर्टात गेलं की त्याचं 'पॅरेंटल एलियनेशन' होतं आणि उगाच शास्त्राचं वजन येतं. माझा आतेभाऊ सध्या याच भानगडीत आहे. आठ वर्षांचा मुलगा आईकडे. मागच्या चैत्रात बापाबरोबर गडावर यात्रेला आला होता, आता भेटायलाही नाही म्हणतो. भावाने चार पीडीएफ पाठवल्या, "दादा, यातलं कोर्टात चालेल ते काढून दे." माझा अख्खा वीकेंड त्यात गेला.

चारही पीडीएफ शेवटी रिचर्ड गार्डनरपाशी पोचतात. या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये हा 'सिंड्रोम' मांडला, तो मुख्यतः स्वतःकडे आलेल्या केसेसवरून. पुस्तकंही बरीचशी स्वतःच्याच प्रकाशनाची. म्हणजे कोड आपणच लिहायचं, रिव्ह्यूही आपणच करायचा! मुलाचा खरोखर छळ झाला असेल तर हे लागू नाही, असं तो म्हणतो खरा. पण छळ झाला की नाही हे ओळखायचं कसं, तिथेच सगळं ढिलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये हा सिंड्रोम घेतलेला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात मात्र त्याचं नाव आहे, आणि तो निकाल जो तो फॉरवर्ड करतो. गंमत म्हणजे त्यात मुलगी बापाकडे होती आणि ताबा मिळाला आईला. असो.

बरं, नवीन अभ्यास? जोन मायर यांच्या २०१९ च्या अभ्यासात निघालं की बापाने एलियनेशनचा आरोप केला की आईची छळाची तक्रार कोर्ट कमी मानतं. २०२१ मध्ये हार्मन आणि लोरांडॉस यांनी ९६७ अपिलं तपासली, त्यांना तसं आढळलं नाही. ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. पण दोघांचा डेटा अमेरिकेतल्या प्रसिद्ध झालेल्या निकालांचा, बराचसा अपिलांतला. घरात किंवा समुपदेशकासमोर मिटलेली भांडणं त्यात येतच नाहीत. नुसते क्रॅश लॉग वाचून सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगण्यातला प्रकार. आणि मुलाच्या 'नाही'मागे खरं कारण आहे का, हे निकालपत्र वाचून कसं कळणार?

भावाला म्हटलं, पीडीएफ ठेव बाजूला. पोरगा कधीपासून नाही म्हणतो, त्याच्या आधी काय घडलं, तुझ्याकडून काय घडलं, ते तारखांसकट लिहून काढ.

"म्हणजे तूपण तिच्याच बाजूने?" म्हणाला आणि फोन ठेवला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.