मोल करायची घाई

‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण प्रस्तुत लेखकाच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. वस्तू न बघता किंमत ठरवणाऱ्याची ती चेष्टा करते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण म्हैस मुळात पाण्यात का आहे, हे कुणी विचारत नाही. तिला कुणी लपवलेलं नसतं. कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. दुपारचं ऊन तिला सोसत नाही म्हणून ती डुंबते. ऊन कललं की आपण होऊन बाहेर येते. म्हणजे तिची कास, तिचे खूर, तिची चाल, सगळं बघायला गिऱ्हाइकानं फक्त काठावर बसून राहायचं होतं. मग तो बसला का नाही? आणि ‘जरा थांबा पाव्हणं, येऊ द्या तिला बाहेर’ असं म्हशीचा मालक का म्हणाला नाही? म्हण गिऱ्हाइकाच्या डोक्यात टपली मारून मोकळी होते. घाई कुणाची होती, यावर ती गप्प आहे.

कोल्हापुरात बसून या म्हणीचा विचार करणं तसं धोक्याचंच, कारण इथं म्हैस हा विषय निघाला की लवकर संपत नाही. दिवाळीत गवळीवाड्यांतून म्हशी नटून-सजून निघतात. पंढरपुरी जातीची तलवारीसारखी लांब, मागे वळलेली शिंगं रंगवलेली असतात. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलचा कानठळ्या बसवणारा आवाज करत मालक पुढे जातो आणि म्हैस त्या आवाजामागे इमानानं पळते. रोजच्या दिवशी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस दारात उभी असते, गवळी समोर धार काढतो आणि गिऱ्हाईक तिथंच ग्लास तोंडाला लावतं. त्यातही जाणते लोक आधी फेसावर फुंकर मारून खाली दूध किती आहे ते बघतात. एका ग्लासभर दुधासाठी कास डोळ्यांसमोर हवी, असा हा गाव. हाच गाव आठ-दहा लाखांची गाडी मात्र एका चकचकीत पत्रकावरचा रंगाचा चौकोन बघून बुक करतो. यातली संगती लावता येईना, तेव्हापासून ती म्हण पाठीमागे लागली.

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस पाण्यात नसते, कोरड्या जमिनीवर उभी असते. तरी ती पुरती दिसते असं नाही. कास तटतटलेली दिसावी म्हणून आदल्या वेळची धार काढलेली नसते. शिंगांना तेल असतं, अंग घासूनपुसून काढलेलं असतं. म्हणून जाणकार तिचं तोंड उघडून दात बघतो. कायमचे दात किती आले त्यावर वय कळतं, आणि दाताला पॉलिश मारायची सोय अजून कुणी काढलेली नाही. भावाची बोलणी उघड होत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही.

जुन्या गाड्यांच्या यार्डात दात बघण्याचं काम मिस्त्रीकडे असतं. चांगला मिस्त्री आल्या आल्या बॉनेट उघडत नाही. तो एकेक दार उघडून हलकेच सोडतो आणि बंद होतानाचा आवाज ऐकतो. मग चौकटीवरचं रबर बोटानं ओढून खाली घेतो. आत कंपनीच्या वेल्डिंगचे बारके गोल ठिपके सारख्या अंतरावर ओळीनं असतात. ते बुजलेले असतील, तिथं लांबी भरलेली असेल, तर पिलरला मार बसलेला आहे. मडगार्डाच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर तिथं कधीतरी पाना लागलाय. मग इंजिन सुरू करून तो ऑइलचं झाकण काढतो, तोंडावर तळहात धरतो आणि ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय का बघतो. मीटरकडे तो ढुंकून बघत नाही. मीटर मागे घेता येतं, हे त्याला गिऱ्हाइकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय आणि स्टिअरिंग कुठं गुळगुळीत झालंय ते बघतो. यार्डवाला बाजूला उभा राहून सांगत असतो, ‘‘डॉक्टरांची गाडी हाय साहेब, सिंगल हँड.’’ या बाजारात थोडा वेळ घालवला की शहरात डॉक्टरांखेरीज कुणी गाडी विकतच नाही असं वाटू लागतं.

आता मिस्त्री नेमका कुणाचा, हा पोटप्रश्न आहे. तपासणीचे पैसे त्याला गिऱ्हाईक देतं. पण त्याची ऊठबस रोज यार्डवाल्यांकडे असते. तिकडून त्याला काही मिळतं का, हे विचारायची रीत नाही. इथंही रुमाल आहेच.

नव्या गाडीच्या शोरूममध्ये रुमाल नसतो, एसी असतो. महामार्गालगतच्या त्या काचेच्या इमारतींत गाडीला खोट नसते (निदान तसं धरून चालतात), आणि मोल छापील असतं. तरीही काहीतरी पाण्याखाली राहतंच. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के वाहनकर, म्हणजे ८८ हजार. तो चुकत नाही. पण त्याखाली विमा, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीजचा संच, हाताळणीचा खर्च अशा ओळी असतात आणि त्यांतली कुठली सक्तीची, कुठली ऐच्छिक, हे त्या कागदावर ठळक लिहिलेलं नसतं. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला सक्तीचा आहे. तो शोरूमकडूनच घ्यावा अशी मात्र सक्ती नाही. शोरूमवाल्याची बाजूही ऐकायला हवी. गाडीवर त्याला सुटणारी रक्कम पातळ असते. त्याचं घर विम्यावर, कर्जावर आणि वर्कशॉपवर चालतं. चेसिस नंबरात गाडी कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात बनली तेही दडलेलं असतं. डिसेंबरातली घसघशीत सूट त्यासाठीच असते, कारण जानेवारीत तीच गाडी कागदावर एका वर्षानं म्हातारी होते. जुन्या गाडीचं रबर ओढून बघणारा माणूस नव्या गाडीचा चेसिस नंबर वाचत नाही. तो पेढ्यांचा बॉक्स आणि नारळ घेऊन आलेला असतो. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी. मुहूर्त टळला तर काय, असं शोरूमवाला म्हणत नाही. ते घरातलीच माणसं म्हणतात.

घाईचं खापर मग फोडायचं कुणावर?

काठावर बसून राहिलं तर काय होतं, हे २०२५ मध्ये एकदा बघायला मिळालं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि सगळं गिऱ्हाईक एकाच वेळी हात आखडून बसलं. ऐन गणपतीत शोरूममध्ये शुकशुकाट. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा उपकर जाऊन १८ टक्के उरला. मोठ्या गाड्यांना ४० टक्के. थांबणाऱ्यांचं भलं झालं. पण नवी गाडी उतरली तशी जुनीही उतरली, आणि जुनी देऊन नवी घ्यायला निघालेल्याला एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून द्यावं लागलं. जुलैत गाडी घेतलेल्यांचं तर विचारूच नका. त्यांनी घाई केली असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यांची म्हैस पूर्ण कोरडी, डोळ्यांसमोर उभी होती. मोलच पाण्यात होतं.

त्या चार मीटरांवर थोडं बोलायला हवं. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांची उत्पादनशुल्काची सवलत या लांबीला बांधली गेली. तेव्हापासून आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांचा पार्श्वभाग अभियंत्यानं ठरवलेला नाही, अर्थखात्यानं ठरवलेला आहे. टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून ‘सीएस’ आणली, मारुतीनं २०१२ मध्ये डिझायर ३,९९५ मिलिमीटरवर आणून बसवली. पाच मिलिमीटर सोडले तेवढेच. डिकीत बॅगा मावेनात म्हणून कंपनीला नावं ठेवणारा गृहस्थ नकळत जुन्या अर्थसंकल्पाशी भांडत असतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारावर जगातला सगळ्यांत गाजलेला निबंध १९७० मध्ये छापून आला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा तो लेख आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याच विषयावरच्या कामासाठी त्यांना नोबेल विभागून मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी चांगली की खराब, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो. उरलेल्या गाड्या आणखी खराब, म्हणून भाव आणखी खाली. मौजेचा भाग असा की, १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत राहिलेले, आणि अमेरिकन गाड्यांवरच्या त्या निबंधात भारतीय गृहिणीही आहे: तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे निवडत बसलेली. मिस्त्रीनं रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके बघणं आणि आजीनं सुपात तांदूळ निवडणं ही एकाच जातीची कामं आहेत, हे त्या माणसाला बरोबर दिसलं होतं. अकरलॉफ विकणाऱ्याकडे बोट दाखवतो, म्हण घेणाऱ्याकडे. प्रस्तुत लेखकाचा कल बराच काळ अकरलॉफकडे होता.

सरकारचाही तिकडेच असावा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद मालकाला करता येते. ही नोंद फार मोलाची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं, की गाडी किती का हातांतून फिरेना, अपघाताच्या भरपाईला नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, पैसे घेऊन, गाडी विसरून गेलेल्या माणसाच्या दारात काही वर्षांनी नोटीस येऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी ठरला तेव्हा मात्र उगाच घबराट झाली. तो कर व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. त्यानं चार लाखांना घेतलेली गाडी साडेचारला विकली तर वरच्या पन्नास हजारांवर. एका शेजाऱ्यानं दुसऱ्याला गाडी विकली तर त्याचा संबंध नाही.

हे सगळं ठीक. पण कोल्हापुरात पाणी हे नुसतं म्हणीत नसतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ अशी दोन वेळा ती ५५ च्या पुढे गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, शहराच्या सखल भागात पार्किंगं भरली. ज्यांना वेळेत गाड्या उंचावर नेता आल्या त्यांनी नेल्या. बाकीच्या गाड्या पाण्यात राहिल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते. मग गाडी लिलावात जाते, कुणीतरी घेतं, धुतं, वाळवतं, वायरिंग बदलतं. त्यांतल्या कितीतरी जिथं पूर आला नव्हता अशा गावी पोचतात. पुण्याचं गिऱ्हाईक एमएच-०९ पासिंग बघून दचकतं, आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक सांगलीच्या एमएच-१० कडे संशयानं बघतं.

आणि इथं अकरलॉफची गाडी अडते. २०१९ च्या पुरातली गाडी आतापर्यंत दोन-तीन मालकांच्या हातांतून गेली असेल. पहिल्याला माहीत होतं. ज्यानं धुऊन विकली त्याला तर पक्कं माहीत होतं. पण आज जो विकायला उभा आहे, त्यानं ती गाडी बिनतक्रार चालवली, मुलाबाळांना घेऊन कोकणात नेऊन आणली. तो शपथेवर सांगेल की गाडीला काही झालेलं नाही, आणि तो खोटं बोलत नसेल. फसवणारा वाटेत कुठेतरी उतरून गेलाय. घेणाऱ्याला माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. बरं, इतकी वर्षं जी गाडी घाटात कधी बंद पडली नाही, तिला पुरातली म्हणून पन्नास हजार कमी द्यायचे, ते नक्की कशाचे?

कंपनीच्या सर्व्हिसचा इतिहास मागवता येतो. समजा, त्यात जुलै २०२१ ते मार्च २०२२ एकही नोंद नाही. पूर असेल. कोविडच्या काळात गाडी नुसती उभी असेल. वॉरंटी संपल्यावर मालकानं बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं असेल. ते स्वस्त पडतं. मिस्त्री म्हणतो, ‘‘दादा, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. लोक गाडी धुतात, आत गुंडाळलेला पट्टा धुवायचं विसरतात.’’ पट्टा ओढून बघितला तर त्यावर चिखलाचा डाग नाही. पट्टा कोरा आहे, बाकी गाडीपेक्षा नवा. आता तो पुरामुळे बदलला, की एअरबॅग उघडल्यावर बदलला, की घरातल्या कुत्र्यानं कुरतडला म्हणून बदलला, हे मिस्त्रीही सांगू शकत नाही, आणि विकणारा गृहस्थ तर त्या पट्ट्याकडे आपल्याइतक्याच कुतूहलानं बघत असतो.