नाटक रात्रभर का चालतं

चि. छकुलीस,


गावच्या नाटक मंडळाचं यंदाचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर तू विचारलंस, ‘मामा, नाटक रात्री दहाला सुरू होणार हे कळलं, पण संपणार कधी?’ तुझी आई झाडीपट्टीतली, पण तू वाढलीस मुंबईत आणि आता राहतेस परदेशात. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नाटक संपतं पहाटे, उजाडायच्या बेताला. ते तेवढं लांब का, याचं कारण शोधायचं तर रंगमंचावर नको, घराघरांत बघ. आपली झाडीपट्टी, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, हा सगळा धानाचा मुलूख. कापणी-मळणी उरकली की हातात चार पैसे येतात आणि माणूस मोकळा होतो. मग दिवाळीच्या भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात आणि होळीपर्यंत नाटकं चालतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावणार, रात्री नाटक होणार. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी लेकी-जावई, सोयरे, व्याही, त्यांचे शेजारी असे सगळे येऊन थडकतात. एका घरात वीस-पंचवीस माणसं जेवतात, पण तेवढ्यांना झोपायला जागा आणि पांघरुणं कुठून आणायची? थंडी तर अशी की अंगणात टेकवत नाही. पूर्वी परत जायचं तर बंडी जुंपून जंगलातून जावं लागे, तेही उजाडल्यावरच. म्हणून सगळ्यांना रात्रभर नाटकाला बसवायचं! पंडितांना हे पटणार नाही. ते दंडार, खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांची परंपरा सांगतील. ती खरीच आहे, दंडारही रात्रभर चालायची. पण माझ्या मते परंपरा टिकली ती या पाहुण्यांमुळे.

आणखी एक गोष्ट तुझ्या आईने तुला मुद्दाम सांगितली नसेल. या गर्दीत सोयरिकी जुळतात. मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, शेती किती, या चौकशा नाटकाच्या निमित्ताने होतात. तुझ्या आईचं स्थळही असंच एका पटाच्या दिवशी पुढे आलं. नाटक कुठलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही.

आमच्या लहानपणी गावातलीच पोरं नाटक बसवत. बाईचं काम करणारा पोरगा दाढीमिशी काढून महिनाभर चेष्टा सोसायचा. मास्तर प्रॉम्प्टिंग करायचे, उजेडाला गॅसबत्त्या. हळूहळू ते काम कंपन्यांकडे गेलं. आज या धंद्याची पेठ म्हणजे वडसा, सरकारी कागदावरचं देसाईगंज. कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. गावोगावची मंडळं तिथे जातात, तारीख ठरवतात, इसार देतात. मांडव आणि तिकीटविक्री मंडळाची, नट, वादक आणि पडदे कंपनीचे. नट आज एका गावी तर उद्या दुसऱ्या. दिवसा गाडीत झोपतात, रात्री पुन्हा तोंडाला रंग. यातल्याच परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातला माणूस, आयुष्य लोकांना हसवण्यात गेलं. त्या दिवशी इथे जो तो आपल्याच घरात पद्मश्री आल्यासारखा बोलत होता.

मधल्या काळात या सगळ्याला दोन धक्के बसले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पट नाही म्हणजे पाहुणा नाही, आणि पाहुणा नाही तर नाटकाचं तिकीट कोण काढणार? काही गावांनी पटाशिवाय नाटकं लावली, पण तो रंग नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर शर्यतींना परवानगी मिळाली, 2023 मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. दुसरा धक्का त्या परवानगीच्या आधीचा: महामारीने एक सबंध हंगाम गिळला होता. तेव्हा नट मंडळी रोजंदारीला गेलेली मी पाहिली आहेत.

आता यंदाचं. मंडळाच्या बैठकीत बरीच भांडणं झाली. तरुण पोरांना कंपनीचं नाटक हवं, त्यात मधे दोन-तीन नाच हवेत, त्याशिवाय तिकीट खपत नाही म्हणतात. मला तो नाच आवडत नाही. कथा रडवत असते आणि मधेच एक बाई लख्ख दिव्यांत नाचून जाते, मग पुन्हा रडायचं! पण मी हेही पाहिलं आहे की मागे बसलेल्या बायाबापड्या त्या नाचावर नाराज नसतात. शेवटी ठरलं ते असं: पटाच्या पहिल्या रात्री वडशाच्या कंपनीचं कौटुंबिक नाटक, सासू-सुनेचं, तिकिटासह. दुसऱ्या रात्री गावाची स्वतःची दंडार, फुकट. दंडारीत आता म्हातारेच उरलेत, म्हणून चार पोरांना या दिवाळीपासून तालमीला बसवायचं आहे. एक तर आपल्या धाकट्या काकांचा नातू. आवाज गोड आहे, पण उभं कसं राहायचं हे त्याला अजून कळलेलं नाही.

तू येतेस म्हणालीस ते मनावर घे. पट जानेवारीत घ्यायचा विचार आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आल्याशिवाय तारीख पक्की धरू नकोस. विमानाचं तिकीट काढण्याआधी मला फोन कर. नागपूरहून वडशापर्यंत रस्त्याने तीनेक तास लागतात, गाडी मी पाठवतो. स्वेटर जाड आण. आणि नवरा शोधून ठेवल्याचं तुझ्या आईकडून ऐकलंस तर घाबरू नकोस, तिला मी समजावतो.

तुझा,
मामा