नुसता वास घेणारं मीटर

“अहो, धुण्याच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात,” असं आमच्या सौभाग्यवतीनं फेब्रुवारीत पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता “ओले हात लावू नकोस” असा मौलिक सल्ला दिला. मार्चमध्ये तक्रार पुन्हा आली. मी स्वतः जाऊन हात लावला. पायात रबरी सपाता होत्या. काहीच झालं नाही. “मनाचे खेळ असतात,” मी म्हणालो. एप्रिलमध्ये तिनं सांगणंच सोडलं आणि ती लाकडी पाटावर उभी राहून धुणं लावू लागली. ते पाहून मात्र मला लाज वाटली. मी बाजारात जाऊन मल्टिमीटर घेऊन आलो.

हे यंत्र मूळचं विलायतेतलं. तिथल्या पोस्टखात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला वेगवेगळी मीटरं वाहून वैतागले आणि १९२३ साली तिन्ही एकात बसवलेलं एव्होमीटर निघालं. वाचून मला या गृहस्थांबद्दल जिव्हाळा वाटला. बाजारातून तीन पिशव्या आणताना मलाही असंच काहीतरी सुचत असतं.

मीटरला दहा अँपिअरचं एक वेगळं भोक असतं. लाल वायर तिथं खुपसून सॉकेटमध्ये घातली, तर मीटर व्होल्ट मोजत नाही. ते स्वतःच शॉर्टसर्किट होतं. हे मला ‘फाट्’ असा आवाज होऊन घरभर अंधार झाल्यावर कळलं.

“हेही मनाचेच खेळ का?” अंधारातून प्रश्न आला.

मीटर फ्यूजवर बचावलं. दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक दोनदा वाचून मी एक टोक मशीनच्या पत्र्याला आणि दुसरं नळाच्या लोखंडी पाइपला लावलं. ११२ व्होल्ट! दोन महिने बायको जे सांगत होती, ते मला त्या डबीनं एका क्षणात पटवलं. ती काही बोलली नाही. पाटावरून खाली उतरली नाही, एवढंच.

सॉकेटच्या फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर नव्वदच्या आसपास घुटमळत होतं. म्हणजे अर्थिंग अशक्त का होईना, आहे, असं निदान मी आमच्या वायरमन मामांना ऐकवलं. मामांनी आधी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या, कोणी कशाला हात लावू नका म्हणून दम दिला आणि पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला शंभराचा जुना बल्ब काढला. फेज-न्यूट्रलला तो लख्ख पेटला. फेज-अर्थिंगला ढिम्म.

“पण मीटर तर नव्वद दाखवतंय!”

“साहेब, मीटर नुसता वास घेतं. दिवा जेवून दाखवतो.”

पुस्तकी भाषेत सांगायचं, तर मीटर वायरीतून इतका नगण्य करंट घेतं, की शेजारच्या वायरीवरून कुठेच न जोडलेल्या वायरीत उतरलेला भुताटकीचा दाबही त्याला खरा वाटतो. मामांचं वाक्य जास्त बरं आहे.

अंगणात तुळशीपासून तीन हातांवर अर्थिंगचा खड्डा निघाला. तारेचा बोल्ट गंजून सुटला होता. तो घासून जोडल्यावर दिवा पेटला, पण मिणमिणता. मीठ-कोळशाचा थर भाजल्यासारखा कोरडा होता. अकोल्याकडचा डोंगराळ भाग सोडला, तर आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) पर्जन्यछायेतला. इथं माणसं टँकरची वाट बघतात, तिथं खड्ड्याला कोण विचारतो!

“याला पाणी पाजा,” मामा म्हणाले. दोन बादल्या ओतल्यावर थोड्या वेळानं दिवा लख्ख झाला. मशीनच्या पत्र्यावर मीटर एका व्होल्टच्याही खाली आलं. मी ते तिला दाखवायला नेलं. तिनं आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटा हात मशीनला लावला आणि पाट उचलून भिंतीला टेकवला.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे परवा मे महिन्याचं धोरण ठरलं. तांदळाचं धुवण आधी तुळशीला, मग अर्थिंगला. भाजीचं पाणी कुंड्यांना.

“आणि माझी आंघोळ?” मी विचारलं.

“उरलं तर बघू.”