एक नग, फ्रेमसहित

“नर्मदाजी में सिरा दो, दादा.” हा सल्ला मला एकूण सात जणांनी दिला. त्यातले सहा शेजारी, नातेवाईक आणि सकाळच्या फिरण्यातले सोबती. त्यांच्यावर माझा राग नाही. सातवा सरकारी खुर्चीत बसला होता. जी वस्तू घरात ठेवल्याबद्दल मला कमीत कमी तीन वर्षं आत जावं लागेल असं त्यानं पाचच मिनिटांपूर्वी कलम वाचून सांगितलं होतं, तीच ग्वारीघाटावर नेऊन सिरवायला, म्हणजे पाण्यात सोडून यायला, तो सांगत होता. वर्ष उलटून गेलं, पण ते वाक्य अजून घशाखाली उतरत नाही.

वस्तू अशी: काळसर, फांद्याफांद्यांची, जाळीसारखी पसरलेली, दोन फूट उंच. मागे लाल मखमल, पुढे काच. माझे वडील वेंगुर्ल्याचे. १९५६ साली इथे जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत लागले आणि इथलेच झाले. त्यानंतर उभ्या आयुष्यात त्यांनी समुद्र पाहिला तो पाच-सहा वेळा. १९८७ साली एलटीसी घेऊन आम्हाला रामेश्वरला नेलं, तेव्हा शंख-शिंपल्यांच्या एका दुकानातून त्यांनी ही फांदी चाळीस रुपयांना घेतली. दुकानदार म्हणाला, इंद्रजाल आहे, दारावर लावा, नजर लागत नाही, करणी चालत नाही. वडिलांना नजरेशी काही देणंघेणं नव्हतं. “दर्यातलां झाड असा तां,” एवढंच ते म्हणायचे आणि कधी कधी उगीच त्यासमोर उभे राहायचे. आईनं मात्र दुकानदाराचं मनावर घेतलं. आधी गोलबाजारातल्या भाड्याच्या घरात आणि मग विजय नगरात घर बांधल्यावर इथे, ते दाराच्या वर टांगलं गेलं. दर अमावास्येला त्याला उदबत्ती. आई-वडील गेले, झाड राहिलं.

२०२३च्या दिवाळीत पुतणी पुण्याहून आली. प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. चप्पल काढता काढता तिची नजर वर गेली आणि एक पाय चपलेत तसाच राहिला.

“काका, हे झाड नाही. प्राणी आहे. म्हणजे प्राण्यांची कॉलनी.”

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण तिनं नीट बसवून समजावलं. समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ, दोनांपैकी एक. वार्निश मारलेल्या वाळक्या सांगाड्यावरून तिला खात्रीनं सांगता येईना. जिवंत असताना या प्रत्येक फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव बसलेले असतात. प्रत्येकाला स्वतःचं तोंड, स्वतःचे इवलेसे हात, पण पोटं आतून एकमेकांना जोडलेली. एकानं खाल्लेलं सगळ्यांना पोचतं. (आमच्या कॉलनीत पाण्याची टाकीसुद्धा सामाईक ठेवता आली नाही.) वाढ अगदी हळू, अनेक जातींत वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर. म्हणजे आमची दोन फुटी फांदी कुणीतरी खडकावरून उपटली तेव्हा ती निदान तीस वर्षांची असणार. हवाईजवळच्या खोल समुद्रात काळ्या प्रवाळाची चार हजार वर्षांपेक्षा जुनी वसाहत सापडली आहे, हेही तिनंच सांगितलं.

“आणि काका, हे पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच.”

मी हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही, म्हणून कायदा काढून वाचत बसलो. मी चौतीस वर्षं संरक्षण लेखा खात्यात काढली; कलमं वाचायला मला कंटाळा येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. समुद्रातले जीव त्यात खऱ्या अर्थानं आले २००१ साली: त्या वर्षी व्हेल शार्क आला, समुद्रघोडे आले, समुद्रकाकड्या आल्या, आणि आमचं इंद्रजालही आलं. म्हणजे वडिलांनी घेतलं तेव्हा गुन्हा नव्हता. चौदा वर्षांनी दाराच्या वर लटकल्या लटकल्या तो गुन्हा झाला. २००३च्या एप्रिलपासून सरकारनं १८० दिवसांची मुदत दिली होती: घरात असं काही असेल तर जाहीर करा, कारवाई होणार नाही. त्या १८० दिवसांत मी काय करत होतो? बहुधा घराचा स्लॅब टाकत होतो. वाघाचं कातडं बाळगणाऱ्या मोठ्या घरांपर्यंत ती मुदत पोचली असेल. अमावास्येला उदबत्ती लावणाऱ्या माझ्या आईपर्यंत ती पोचली नाही.

आता पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा किंवा त्याच्या वस्तूचा गुन्हा असेल तर तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. शिवाय वस्तू तुमच्याकडे सापडली की ती कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. रामेश्वरच्या चाळीस रुपयांची पावती कुठून आणू?

बायको म्हणाली, सिरवून टाका. फिरायला येणाऱ्यांनी तेच सांगितलं, काहींनी तर स्कूटरवरून पोचवून द्यायची तयारी दाखवली. मला ते पटेना. एक म्हणजे पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा. दुसरं, मी लेखा खात्यातला माणूस. जी वस्तू नोंदीवर आली ती नोंदीवरूनच गेली पाहिजे. वस्तू सरकारजमा करायची आणि पावती घ्यायची, असं मी ठरवलं. इतकं सोपं काम.

जानेवारीत चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन मी अहिंसा चौकात ऑटोची वाट बघत उभा राहिलो. ऑटोवाल्यानं विचारलं, “मूर्ति है का, दादा?” मी म्हटलं, “फोटो है, पिताजी का.” साठी उलटल्यावर मी रस्त्यात अनोळखी माणसाशी खोटं बोललो, ते या कायद्यामुळे. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. फ्रेम घेऊन परत.

दुसऱ्या खेपेला मुख्य गंमत झाली, आणि ती मी शब्दशः सांगणार आहे, कारण त्या दिवसापासून ती मी घरच्यांना इतक्यांदा सांगितली आहे की आता कुणी ऐकत नाही. बाबूंनी चादर बाजूला केली, चष्मा वर केला, आणि पहिला प्रश्न आला, “ये यहाँ तक लाए किसकी परमिशन से?”

म्हटलं, जमा करायला आणलंय.

“जमा तो ठीक है. पर परिवहन की अनुमति?”

म्हटलं, अनुमती घ्यायला आलो असतो तर वस्तू घरी होती हे आधी सांगावं लागलं असतं.

“वही तो,” असं म्हणून त्यांनी कायद्याची प्रत काढली. २०२२च्या दुरुस्तीत ४२-अ असं एक कलम आलंय, १ एप्रिल २०२३पासून लागू. ज्याला वस्तू नको असेल त्यानं मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन ती परत करावी. मोबदला मिळणार नाही. मी घरून तेच कलम वाचून गेलो होतो, म्हणून मला आनंद झाला. मग बाबूंनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ज्याच्याकडे मालकी प्रमाणपत्र आहे, असा माणूस.

“सर्टिफिकेट है?”

“नहीं है.”

“तो सरेंडर कैसे करेंगे?”

“सर्टिफिकेट होता तो सरेंडर काहे करता?”

यावर ते मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. चहा मागवला. मग ३९वं कलम निघालं: सरकारी मालमत्ता हाती आली तर ४८ तासांत कळवायचं. माझे तास १९८७पासून मोजायचे, की २००१पासून, की पुतणीनं चप्पल काढली त्या क्षणापासून, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी त्यांनी तीन वर्षांचं कलम वाचलं, प्रत मिटली, आवाज खाली आणला आणि ते नर्मदाजींचं वाक्य बोलले. फ्रेम तिथेच ठेवून जाऊ का, विचारलं, तर तीही मोकळीक होती. “छोड़ जाइए.” पावती? “पावती किस बात की?”

मी फ्रेम पुन्हा चादरीत बांधली.

घरी आलो आणि रागाच्या भरात फोनवर ‘इंद्रजाल’ शोधलं. डझनावारी मिळाली. ‘असली’, ‘सिद्ध’, ‘अभिमंत्रित’, घरपोच. निम्मी प्लास्टिकची असतील, पण उरलेली? ज्या शहरातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासाची स्वतंत्र शाखा आहे, त्या शहरात चार दिवसांत समुद्रातला पहिल्या अनुसूचीतला जीव कुरियरनं येतो, आणि परत द्यायला गेलेल्याला परवाना विचारतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी नवे नियम निघाले. मकाव पोपट, विदेशी कासवं, महागडे मासे घरात असतील तर सहा महिन्यांत ऑनलाइन नोंद करा. पोपटवाल्यांना सहा महिने, माझ्या आईच्या झाडाला एक दिवस नाही.

आणि आमच्या नर्मदेचंच बघा. महसीर, इथे त्याला बाडस म्हणतात, २०११ साली मध्य प्रदेशाचा राज्यमासा झाला. बरगी धरणापासून खालपर्यंत तो किती उरलाय हे घाटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या नावाड्याला विचारा. १६ जून ते १५ ऑगस्ट विणीचा काळ म्हणून मासेमारीला बंदी, आणि ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. पोटात अंडी असलेला जिवंत राज्यमासा जाळ्यात ओढणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष, आणि माझ्या वाळक्या फांदीला कमीत कमी तीन. हे मी सगळ्यांना ऐकवत होतो.

वेंगुर्ल्याच्या चुलतभावालाही फोनवर ऐकवलं. तो मच्छीमार. तो म्हणाला, आमच्याकडे २०१८च्या अखेरीपासून योजना आहे. संरक्षित कासव किंवा व्हेल शार्क जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा, फोटो काढायचे, अर्ज करायचा, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यानं एकदा कासव सोडलं होतं. पैसे यायला वेळ लागला, पण आले. मी म्हटलं, बघ, तुमच्याकडे अक्कल आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, तुझा तां झाड नाय रे, मासळीचा घर तां. पिल्लां त्याच्यात लपतत. सुकटीसारखा उपटून विकला लोकांनी.”

तो म्हणाला तेव्हापासून माझा राग थोडा बावचळला आहे. तीन वर्षं जास्त आहेत असं मी आधी म्हणालो, ते मागे घेत नाही. पण चाळीस रुपयांना तीस वर्षं विकत घ्यायची सोय होती म्हणूनच ती उपटली गेली, आणि घेणारे आम्ही होतो, चांगली माणसं, देवदर्शनाला आलेली. मागणी आमच्या दारावर लटकत होती. कधी वाटतं, तीन कमीच आहेत. कधी वडील त्यासमोर उभे राहिलेले आठवतात.

मग मी अर्ज लिहिला. वस्तूचं वर्णन, कुठे, कधी, किती रुपयांना घेतली, घरात कुठे होती, आता मला ती सरकारजमा करायची आहे. रजिस्टर्ड पोस्टानं वरच्या कार्यालयाला पाठवला, प्रत खालच्याला. ज्यांच्या घरात असं इंद्रजाल, प्रवाळाचा गड्डा किंवा समुद्रघोडा असेल त्यांनाही सांगेन: आधी अर्ज, मग वस्तू. जमल्यास आधी वकील. घाटावर तर मुळीच जाऊ नका; वाळलेलं प्रवाळ नर्मदेत सोडून कुणाचंच पुण्य वाढत नाही. आणि वर कुणी वाचत असेल तर २००३सारखी आणखी एक मुदत द्या, आणि या वेळी ती देवळांच्या बाहेर मोठ्या अक्षरांत लावा.

दोन महिन्यांनी फोन आला, घेऊन या. परिवहनाच्या अनुमतीचं कुणी विचारलं नाही. बाबूंची बदली झाली होती. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी होती, घाईत होती, नम्र होती. माझा अर्ज तिनं वाचला की नाही कोण जाणे. फ्रेम ठेवून घेतली, पावतीपुस्तक काढलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी बाहेर पायरीवर येऊन वाचला. ‘सूखी झाड़ी, फ्रेम सहित, एक नग.’

झाडी. पहिल्या अनुसूचीत झाडी नसते. झाडी घरात ठेवणं गुन्हा नाही, आणि झाडी जमा करणारा गुन्हेगार नाही. नोकरीत असताना अशी नोंद मी एका मिनिटात लाल शाईनं परत पाठवली असती. पावती फाइलला लावली आहे. दुरुस्तीसाठी मी गेलेलो नाही.