खरवस, कालवड आणि कोंबडीचं अंडं

सराफ्यात रात्री साडेदहाला रबडीची वाटी हातात असताना वासरांच्या हगवणीचा विषय काढावा, तर तो आमच्या धाकट्या भावानेच. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला, गुरांचा डॉक्टर. त्याच्यासोबत जेवायला बसायचं म्हणजे कान बंद ठेवायची तयारी हवी.

माहेरी इंदूरला गेले की सराफ्याची एक रात्र ठरलेली. दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार, आणि दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओटल्यांवर कढया चढतात. त्या रात्री गराडू झाले, भुट्ट्याचा कीस झाला, दहीवडा झाला. मग मी सहज म्हटलं, "इथे दुधाचं एवढं मिळतं, पण खरवस कुठे दिसत नाही."

"न दिसलेलाच बरा, ताई," भाऊ म्हणाला. "तो वासराच्या तोंडचा असतो."

मला एकदम रावेरचा गोठा आठवला.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासरची तांबडी गाय व्याली, कालवड झाली. घरात आनंद. आमच्याकडे रीत अशी, की वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. वार पडायला दुपार झाली. तोवर पहिल्या चिकाचा खरवस चुलीवर चढलाही होता. गूळ, वेलदोडा, वर जायफळ. सुरीने कापावा असा घट्ट बसला. मी स्वतः ताट घेऊन गल्लीत आठ घरी वाटून आले. कालवडीच्या वाट्याला जे आलं ते तोंड ओलं होण्यापुरतं. चौथ्या दिवशी तिला पांढरी हगवण लागली. सहाव्या दिवशी सकाळी गेली. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मलाही ते पटलं होतं.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने जे सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. गायीम्हशींच्या वारेतून ती जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे ती जवळजवळ नसतातच, सगळी चिकात असतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते, आणि साधारण एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पोटात जायला हवा, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पहिल्या दिवसात. "वार पडायची वाट कसली बघता?" तो म्हणाला. "आणि खरवस घट्ट का बसतो, ठाऊक आहे? चिकातल्या प्रथिनांमुळे. त्यांत मोठा वाटा या प्रतिपिंडांचाच."

म्हणजे सुरीने कापून मी गल्लीत वाटलं ते काय होतं, हे मला पंचवीस वर्षांनी सराफ्यात कळलं. रबडी तशीच राहिली.

माझा चेहरा पाहून असेल, त्याने मग कोंबडीची गोष्ट काढली. कोंबडीही आपली प्रतिपिंडं पिलासाठी ठेवते, ती बलकात. १८९३ साली क्लेम्परर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी कोंबड्यांना धनुर्वाताच्या विषाविरुद्ध तयार केलं आणि त्यांच्या अंड्यातला बलक देऊन उंदरांना त्याच विषापासून वाचवलं. पुढे कितीतरी वर्षं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, कारण घोडा होता. आपल्याकडे सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासूनच होते. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. घोड्याला सुई टोचून रक्त काढावं लागतं. कोंबडीला नुसतं अंडं घालू द्यायचं. एका बलकात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास प्रतिपिंडं निघतात. त्यातली हव्या त्या रोगाविरुद्धची थोडीच असतात, पण कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते.

आणि वासरांचं काय? हगवण करणारे जंतू मारून त्यांची लस कोंबडीला टोचायची. काही आठवड्यांनी तिच्या बलकात त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं येऊ लागतात. बलक वाळवून त्याची भुकटी करायची आणि ती वासराला दुधातून पाजायची. आतड्याला चिकटू पाहणाऱ्या जंतूंना ती तिथेच अडवते. जपानमध्ये अशी भुकटी पाजून नवजात वासरांना जिवघेण्या हगवणीतून वाचवल्याचं तिथल्या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलं. डुकरांच्या पिलांवरही असे प्रयोग झाले आहेत.

मी लगेच विचारलं, मग घरचंच अंडं फोडून दुधात घातलं तर? भाऊ हसला. ज्या कोंबडीला ती लस टोचलेलीच नाही, तिच्या बलकात ते औषध कुठून येणार? उलट कच्च्या अंड्यातून वासराला नवाच आजार व्हायचा. उकडलं तर प्रतिपिंडंच मरतात. "आणि भुकटी असली तरी चिकाची जागा ती घेत नाही," हे त्याने दोनदा सांगितलं.

आजूबाजूला मावाबाटी, जलेबी, मालपुवा. सगळा सराफा शाकाहारी, आणि आमची अंड्यावर चर्चा! शेजारच्या बाकावरचे एक आजोबा दोनदा वळून बघून गेले.

रावेरला परतल्यावर सासूबाईंना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. त्यांच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही. पण मला अंड्याची नाही, खरवसाची धास्ती होती. शेवटी सांगितलं. गव्हातले खडे निवडता निवडता त्या थांबल्या.

"म्हणजे तिचं ते आपण खाल्लं?"

मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "ती कोंबडीची पूड मिळाली कधी, तर आण. पण ठेवायची गोठ्यात. घरात नको."

यंदा गाय व्याली तेव्हा सासूबाई गुडघेदुखी विसरून पाटावर गोठ्यात बसल्या. वार पडायची होती. मी वासराला आचळाला लावलं, ते लुचू लागलं, आणि त्याचं पोट भरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. गल्लीतून खरवसाची विचारणा झालीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या उरलेल्या दुधाचा केला. तो काही बसला नाही, पळीवाढाच राहिला. सासूबाईंनी वाट्यांत ओतून दिला.